चिमी पहिल्यांदाच मैत्रिणीकडे राहायला गेली

पुणे, रविवार रात्र

ठमे,

फोनवर सांगितलं तर तू हसशील, म्हणून लिहितेय. काल आमची चिमी पहिल्यांदा मैत्रिणीकडे राहायला गेली. नऊ वर्षांची घोडी, पण दप्तर रिकामं करून त्यात नाइट सूट, ब्रश आणि माझ्या जुन्या साड्यांची गोधडी कोंबायला लागली, तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला.

आपल्याला कुणी काही विचारायचं का गं? साताऱ्यात तुमच्याकडे अभ्यासाला म्हणून यायचे, ती सकाळीच घरी जायचे. गच्चीवर गाद्या, काकूंचा फोडणीचा भात. आई फक्त म्हणायची, "काकूंना त्रास देऊ नकोस."

आणि जिन्यातला तो भाडेकरू? मुद्दाम अंगाला घासून जायचा. आपण हात धरून खाली पळायचो. आता मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. तेव्हा आपल्याकडे त्यासाठी शब्दसुद्धा नव्हता.

म्हणून या वेळी वाईटपणा घेऊन चिमीच्या मैत्रिणीच्या आईला विचारलंच. दोनदा नंबर लावून कट केला, मग तिसऱ्यांदा एका दमात: घरी कोण कोण असेल, मुली कुठे झोपतील, रात्री मोबाइल कुणाकडे? वाटलं, बाई आता फणकारणार. तर म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. माझे दीर मुक्कामाला आहेत, ते हॉलमध्ये झोपतील, मुली माझ्याजवळ. आमची तुमच्याकडे येईल तेव्हा मीही विचारणार हं!"

चिमीला १०९८, मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, शाळेनेच पाठ करायला लावलाय. मी वर एक खूण ठरवून दिली: "आजी उद्या येणार का?" एवढं फोनवर विचारलंस की काही न विचारता न्यायला येईन.

पावणेबाराला फोन वाजला. "आई, आजी उद्या येणार का?"

स्कूटर कशी काढली ते माझं मला ठाऊक. पोचले तर चिमी गोधडी कवटाळून दारात, आणि बाई डब्यात उरलेली पावभाजी भरतायत. कारण काय, तर त्यांच्याकडे झोपताना मिट्ट काळोख करतात आणि हिला पॅसेजमधला दिवा लागतो. सांगायची लाज वाटली.

"रागावलीस?" मागून पाठीला चिकटून विचारलं.

"छे गं."

"मग पुढच्या शनिवारी तिला आपल्याकडे बोलावू?"

बोलावलंय. दिवा चालू राहील, असं तिच्या आईला आधीच कळवलं.

ठमे, एक विचारू? त्या भाडेकरूचं तू काकूंना कधी सांगितलंस का? मी आईला अजून नाही सांगितलं.

तुझीच,
मी