आशाताई, त्या दिवशी तुम्ही चपला बाहेर काढल्यात

आशाताई, नमस्कार.

तुम्ही आशा कार्यकर्ती, म्हणून आम्ही आशाताई म्हणतो; खरं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. नाशकातल्या नंदिनी नदीच्या काठची आमची गल्ली (सासूबाई अजून नासर्डीच म्हणतात) एवढी खूण पुरे.

त्या दिवशी पाऊस होता. दारात गटाराचं पाणी, घरात ओल. मीच म्हटलं, "असू द्या ताई, चपला घालूनच या." तुम्ही म्हणालात, "घरात कोणी चपला घालून येतं का?" आणि अनवाणी आत येऊन खाली बसलात, धाकट्याला मांडीवर घेतलंत. आमच्या पत्र्याच्या दहा बाय दहाला बाहेरच्या माणसानं घर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्याआधी एका दवाखान्यात ऐकलं होतं, "तुम्ही लोक स्वच्छता पाळत नाही." पोराच्या पोटाला हातसुद्धा लावला नाही, टॉनिकं मात्र तीन लिहून दिली. मी गंगापूर रोडला चार घरची भांडी घासते. तिथल्या पोरांचे पेले माझ्याच हातचे. मग ती कशी आजारी पडत नाहीत? विचारायचं राहून गेलं.

तुम्ही धाकट्याच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावलीत. १२.१ सेंटिमीटर, पिवळ्यात. ११.५ च्या खाली गेला असता तर लाल. मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, "नळ दाखवा." मग समजावलंत, पाणी गंगापूर रोडलाही महापालिकेचं, इकडंही. पण आमची लाईन गटारातून आलेली, जोड गळका. पाणी गेलं की रिकामा पाइप गटारातलं आत ओढतो. सारखे जुलाब झाले की आतडं सुजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. हे ऐकून मी रडले ते दुःखानं नाही हो. वर्षभर मला वाटत होतं, माझ्याच हाताला काही दोष आहे.

झिंकच्या गोळ्या १४ दिवस दिल्या, जुलाब थांबले तरी. लाईन गटारातून वर कशी आली, किती चकरा, किती सह्या, ते सांगत बसत नाही. स्वतःच्या मानधनासाठी तुम्हाला मोर्चे काढावे लागतात, आणि आमच्या नळासाठीही तुम्हीच पुढे. पगारी माणसं मात्र नाकाला रुमाल लावून गल्लीच्या तोंडावरूनच परत फिरायची.

परवा पट्टी हिरव्यात आली, १२.८. तुम्ही वहीत लिहीत होतात तेव्हा धाकटा दाराशी गेला आणि तुमच्या चपला छातीशी धरून आत घेऊन आला. बाहेर भुरभुर सुरू झाली होती.