जुन्या बाजारात जाण्याआधी

प्रिय आई-बाबा,

सा. न.

आईला अंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचं घंगाळ हवंय आणि बाबांना एच.एम.टी.चं चावीचं घड्याळ. यादी एवढीच ठेवा. पुण्याच्या जुन्या बाजारात यादीशिवाय गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही, आणि पिशवीत काय आलं ते घरी पोचल्यावर बघतो. बाकीचं बघा, हाताळा, भावही विचारा, पण पैसे या दोन वस्तूंवरच घालवा.

बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तुम्ही बुधवारी जा. रविवारी गर्दीत खाली वाकून वस्तू उलटीपालटी करून बघायला जागा मिळत नाही, आणि इथे बघितल्याशिवाय घेण्यासारखं काहीच नसतं. आयडियल कॉलनीला मेट्रोत बसलात की गाडी न बदलता मंगळवार पेठ स्थानकापर्यंत जाता येतं. तिथून पुढे रिक्षाच करा. अंतर थोडं आहे, पण आईचे गुडघे बाजारातल्या उठबशांसाठी राखून ठेवायला हवेत. साडेनऊपर्यंत पोचा. तेव्हा माल मांडणं चालू असतं, ऊन चढलेलं नसतं आणि विक्रेत्याला बोलायला वेळ असतो. स्वच्छतागृहाचं काम स्थानकावरच उरकून घ्या. बाबांनी सकाळची गोळी नाश्त्यानंतर घेऊनच निघायचं, 'आल्यावर घेतो' चालणार नाही.

सोबत फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक, प्रवासाचं सामान मोजायचा लटकवायचा काटा, छोटी बॅटरी, बाबांचं भिंग, पाण्याच्या दोन बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं आणि एक जाड कापडी पिशवी घ्या. पैसे शंभर-दोनशेच्या नोटांत, दोन वेगळ्या खिशांत. मोबाइलवरून पैसे देता येतात, पण घासाघीस झाल्यावर पाचशेची नोट पुढे केली की सुट्ट्यांवरून भाव पुन्हा वर चढतो.

आता घंगाळ. पहिल्यांदा चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. नाही चिकटलं म्हणजे तांबं असेलच असं मात्र नाही. ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, पण ते हातात घेताच हलकं लागतं. मग भांडं उपडं करून बुडाचा झिजलेला भाग बघा. तिथे लालसर धातू दिसला तर तांबं, पिवळसर दिसला तर पितळ. काठावरून जाडी ठरवू नका. काठ वळवलेला असल्यामुळे पातळ पत्र्याचं घंगाळसुद्धा काठाला जाड लागतं. पोटाच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. पत्रा टप् आवाज करून आत गेला आणि परत वर आला, तर ते घंगाळ पाण्याने भरून उचलायच्या लायकीचं नाही.

कड्या नीट तपासा. घंगाळ जातं ते बहुतेक कड्यांपाशी. भरलेल्या पाण्याचं सगळं वजन दोन रिव्हेटांवर येतं, भोक हळूहळू मोठं होतं आणि कडी लटपटू लागते. कडी दोन्ही बाजूंना हलवून बघा. रिव्हेट नव्याने ठोकून मिळतं, पण भोकाभोवती पत्रा फाटलेला असेल तर सोडून द्या. मग भांडं उन्हाकडे धरून आतून बघा. टाचणीएवढं भोक असलं तरी उजेड दिसतो. शंका राहिली तर बाटलीतलं पाणी ओता, बूड वर्तमानपत्रावर टेकवा आणि पाच मिनिटं थांबा. विक्रेता थोडा कुरकुरेल. कुरकुरू दे.

आतून-बाहेरून राखाडी ठिपके किंवा पट्टे दिसले तर तो डाख आहे, म्हणजे कथील-शिशाच्या मिश्रणाने बुजवलेलं भोक. अंघोळीच्या पाण्याच्या घंगाळाला एखादा डाख चालतो, कारण ते विस्तवावर जात नाही. पाणी तापवायच्या बंबाला मात्र चालत नाही. हा डाख दोनशे अंशांच्या आतच वितळू लागतो. बंबात पाणी असेपर्यंत पत्रा शंभर अंशांच्या आसपास राहतो, म्हणून तो टिकतो. पाणी कमी झालं आणि जाळ चालू राहिला की पहिल्यांदा डाख सुटतो. म्हणून बाबा, बंबाकडे बघून डोळे चमकले तरी पुढे चला. शोभेचा बंब बाल्कनीतली अर्धी जागा खातो आणि त्याला घासायचं आईच्याच वाट्याला येतं.

हिरवा कळंक दिसला म्हणून घाबरू नका. वरवरचा असेल तर चिंच-मिठाने जातो. नखाने खरवडल्यावर खाली खड्डा लागला तर मात्र धातू खाल्ला गेलाय. पितळेच्या भांड्यावर तांबूस चट्टे दिसले तर त्यातलं जस्त निघून गेलंय. ते चट्टे कितीही घासले तरी पिवळे होत नाहीत आणि तिथला धातू ठिसूळ झालेला असतो. समई किंवा परात बघताना हे लक्षात ठेवा.

भावाचं गणित साधं आहे. आदल्या दिवशी भांड्यांच्या दुकानात दोन गोष्टी विचारून ठेवा: तांब्याचा मोडीचा भाव काय, आणि तेवढ्याच आकाराचं नवं घंगाळ केवढ्याला. काट्याला भांडं लटकवून वजन करा आणि मोडीच्या भावाने गुणा. हा झाला तळ. त्याखाली विक्रेता देणार नाही, कारण वितळवायला देऊनही त्याला तेवढे मिळतात. नव्याची किंमत हे छत. माझ्या मते धड, बिनडाखाच्या भांड्याला मोडीच्या दीडपटीपर्यंत जायला हरकत नाही. नक्षी असेल किंवा नाव आणि साल कोरलेलं असेल तर थोडं वर. 'पेशव्यांच्या काळातलं आहे' या वाक्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. आणि आई, घंगाळ आवडलं तरी तोंडावर दाखवू नकोस. आधी शेजारच्या डब्याचा भाव विचार.

साडेअकराला बाजार आटोपता घ्या आणि रिक्षाने तांबट आळीत जा. कसबा गणपतीजवळ म्हटलं की रिक्षावाल्याला कळतं. तिथे घंगाळाचे पोचे काढून मिळतील, कड्या पक्क्या होतील, हवं तर पुन्हा मठारून मिळेल. मठारणं म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने सगळीकडून एकसारखे ठोके देणं. ते ठोके छान दिसतात, पण त्यांचं खरं काम वेगळं आहे. ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि पातळ पत्राही आकार धरून राहतो. काम द्यायच्या आधी किती दिवस लागतील आणि मजुरी किती, दोन्ही कागदावर लिहून घ्या. बाजारात मनासारखं घंगाळ मिळालं नाही तर इथे नवं करायला टाका. खरं सांगायचं तर डाखांनी भरलेल्या जुन्यापेक्षा मला ते जास्त पटतं.

स्वयंपाकाचं जुनं पितळी पातेलं घ्यायचा मोह झालाच तर कल्हईशिवाय त्यात काही शिजवू नका. आंबट पदार्थात तांबं उतरतं. कल्हईला शुद्ध कथील हवं. भांडं तापवून नवसागर टाकतात, त्याने धातूवर तापल्याने आलेला काळा थर सुटतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाने फिरवतात. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून कल्हईचं पातेलं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. कल्हईवाल्याची कांडी कागदावर ओढून बघा. पेन्सिलीसारखी ठळक करडी रेघ उठली तर त्यात शिसं मिसळलेलं आहे. तिथे काम देऊ नका.

बाबांचं घड्याळ. एच.एम.टी.ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळं सुरू केली आणि २०१६ मध्ये सरकारने एच.एम.टी. वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तेव्हा फुटपाथवर 'कोरं करकरीत जुनं' म्हणून जे मिळतं ते बहुतेक चार घड्याळांचे भाग जोडून केलेलं असतं, आणि डायल नवी छापलेली. भिंगातून अक्षरं बघा. मूळ छपाईच्या कडा स्वच्छ असतात, नव्या छपाईत शाई पसरलेली दिसते आणि मिनिटांच्या रेघा काट्यांच्या टोकांशी जुळत नाहीत. जांभळी, भगवी, पोपटी डायल दिसली की विचारसुद्धा करू नका.

चावी देऊन बघा. वीस-पंचवीस वळशांनंतर चावी जड होत जाऊन थांबली पाहिजे. ती नुसतीच फिरत राहिली तर स्प्रिंग तुटलेली आहे. चालू झालं की कानाला लावा. 'जनता'सारख्या मॉडेलांतलं यंत्र सेकंदाला पाच ठोके देतं. ते एका लयीत ऐकू यायला हवेत, लंगडी टिकटिक नको. मग डायल वर, डायल खाली आणि उभं, अशा तिन्ही स्थितींत दोन-दोन मिनिटं धरा. एकाच स्थितीत बंद पडलं तर बहुधा आतल्या डोलणाऱ्या चक्राच्या आसाची टोकं झिजली आहेत आणि दुरुस्ती घड्याळापेक्षा महाग पडेल. चावी बाहेर ओढून काटे फिरवा. ते फिरताना घसरायला नकोत. काचेवरच्या चऱ्यांची काळजी नको. काच प्लास्टिकची असते, पॉलिशने साफ होते. विक्रेता मागचं झाकण उघडून दाखवत असेल तर आत गंज आहे का तेवढं बघा. उघडत नसेल तर घेऊ नका. चालू घड्याळसुद्धा एकदा साफसफाई आणि तेलपाणी करून घ्यावंच लागतं, कारण जुनं तेल घट्ट होतं आणि आतल्या भागांची झीज वाढते. तो खर्च भावात धरा. आणि बाबा, बाजारातल्यांपैकी एकही पसंत पडलं नाही तर घेऊ नका. पेठेतल्या जुन्या घड्याळजीकडे थोडं महाग पडेल, पण उद्या बंद पडलं तर तो माणूस जागेवर असेल.

ग्रामोफोनच्या तबकड्यांपाशी तुम्ही थांबणारच, म्हणून एवढंच. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने पुसल्या तर लाख विरघळते, म्हणून त्या फक्त किंचित ओल्या मऊ कापडाने पुसायच्या. घरच्या रेकॉर्ड प्लेअरची सुई त्यांना चालत नाही, त्यांची खाच रुंद असते. चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन बहुतेक शोभेसाठी नव्याने केलेले असतात. व्हॉल्व्हचा रेडिओ विक्रेत्याने थेट प्लगला लावून दाखवू नये आणि तुम्ही तर मुळीच लावू नये. वायरीवरचं रबर तडकलेलं असतं, आतले कपॅसिटर वाळलेले असतात, आणि काही सेटांत लोखंडी सांगाड्यातच वीज असते.

देवाच्या मूर्तींबाबत मात्र मी ठाम आहे. शंभर वर्षांची म्हणून दाखवलेली पितळी मूर्ती एक तर तेवढी जुनी नसते, किंवा असली तर ती पुरावस्तू कायद्याखाली येते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या धातूच्या मूर्तीची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते आणि ती विकणाऱ्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. दोन्ही बाजूंनी न घेणंच बरं. खरी पूजेतली मूर्ती नाक, गुडघे, पाय अशा हात लागणाऱ्या जागी झिजते. बनावट जुनी मूर्ती सगळीकडे सारखी काळीहिरवी असते आणि तिच्या कडा तीक्ष्ण असतात. हस्तिदंती मुठीची काठी किंवा हस्तिदंत जडवलेला अडकित्ता कितीही सुंदर असला तरी हात लावू नका. वन्यजीव कायद्याने तो व्यापार बंद आहे. मोबाइल आणि विजेची हत्यारं बिलाशिवाय नकोत.

तांबट आळीतून कसबा पेठ मेट्रो स्थानक जवळ आहे. तिथून जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. खालच्या भुयारी फलाटावरून वरच्या फलाटापर्यंत चढ बराच आहे, म्हणून लिफ्ट शोधा, सरकत्या जिन्याच्या नादी लागू नका. घंगाळ सोबत असेल तर सरळ रिक्षाने घरी या.

केळकर संग्रहालय त्याच दिवशी करू नका, जिने आहेत. आदल्या दिवशी जा. दिनकर केळकरांनी जमवलेले अडकित्ते, दिवे, भांडी तिथे शांतपणे बघितली की दुसऱ्या दिवशी बाजारातली नक्षी खरी की साच्यातली, हे बघायला डोळा तयार असतो. दिव्यांच्या दालनात साखळीची कडी, नळीचा जोड आणि बैठकीची खालची बाजू, एवढ्या तीन जागा मुद्दाम बघा. समया विकणारे नेमक्या त्याच जागा हाताने झाकून धरतात.

मंगळवारी रात्री मला दोन्ही भाव कळवा, मोडीचा आणि नव्याचा. मग किती किलोला किती द्यायचे ते मी लिहून पाठवते, बाबांनी ती चिठ्ठी खिशात ठेवायची.

तुमची,
अनू