पुरस्कार देताना मुलांनाही विचारा

मा. संपादक,
स. न.

शिक्षक पुरस्कारांच्या बातम्या आल्या की मला माझ्या मुलीच्या तिसरीच्या बाई आठवतात.

मुलीला शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के मोफत जागांतून पुण्यातल्या एका खासगी शाळेत पहिलीत प्रवेश मिळाला. काही कागद हवा असला की शिपाई भर वर्गात येऊन म्हणायचा, ‘आरटीईवाले उभे राहा!’ चार-पाच मुलं उभी राहायची, बाकीची वळून बघायची. एकदा जेवताना तिने विचारलं, ‘‘आई, मी फुकटची आहे का?’’ माझा घास हातातच राहिला.

तिसरीत बाईंनी शिपायाला दारातच थांबवलं. यादी स्वतःकडे घेतली आणि पुढे वर्षभर ते फॉर्म वह्या तपासून परत देताना ज्याच्या त्याच्या वहीत घालून दिले. कुणाला पत्ताही लागला नाही. दर सोमवारी बाक बदलायचे, त्यामुळे ‘आमच्या सोसायटीतली’ आणि ‘वस्तीतली’ असे कोपरे पडलेच नाहीत. वरून बोलणी बसली असणार. आमच्यापर्यंत त्यांनी ती येऊ दिली नाहीत.

या कामाचं प्रमाणपत्र मिळत नाही, फोटोही निघत नाही. मग पुरस्काराच्या जाडजूड फायलीत ते लावायचं कुठे? राज्याचा शिक्षक गुणगौरव पुरस्कार तर सावित्रीबाईंच्या नावाने दिला जातो! १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा सुरू झाली, १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. पण मला त्याहून मोठी वाटते ती १८५५ ची गोष्ट. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. शाळेने काय शिकवलं ते विद्यार्थिनीनेच सांगितलं. ती तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती.

म्हणून शिक्षण विभागाला आणि महापालिकेला विनंती, की शिक्षकांची नावं सुचवायचा हक्क शाळा सोडून गेलेल्या मुलांना आणि पालकांनाही द्या. वर्गात कुणाला वेगळं उभं केलं जात होतं का, आणि ते कुणी थांबवलं, एवढे दोन प्रश्न त्यांना विचारा. निकालाचे आकडे शाळेकडे आहेतच.

मोफत जागा आठवीपर्यंतच होती; पुढची फी झेपेना म्हणून मुलीची शाळा बदलली. आता ती अकरावीत आहे. बाईंबद्दलचं पत्र तिने लिहून ठेवलंय. ते कुठे द्यायचं, तेवढं कुणीतरी सांगावं.

– एक पालक, बिबवेवाडी, पुणे