हळूच लावलेलं दार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी तुझ्या नोकरीबद्दल नको ते बोललो. तू काही न बोलता उठलीस आणि खोलीचं दार लावून घेतलंस. आपटलं नाहीस, कडीचा आवाजसुद्धा येऊ दिला नाहीस. ते दार मी ओळखलं. माझंच आहे ते.

मी लहान होतो तेव्हा घरात आरडाओरडा फार. जो बोलेल त्याला जास्त पडायची, म्हणून मी गप्प राहायला शिकलो. आठ वर्षांच्या पोरासाठी ती अक्कलहुशारीच होती. घोळ असा, की धोका संपला तरी गप्प बसणं संपलं नाही. तुझ्या आईशी मी एकदा चार दिवस अबोला धरला होता. कारण विचारशील तर आज मला आठवत नाही, तिला मात्र ते चार दिवस आठवतात.

हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली. त्या सुमारास मी एक वही केली. बिनसलं की लिहायचं: काय झालं, अंगात काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं. पहिले काही दिवस नुसतं ‘राग आला’, ‘राग आला’. मग कंटाळून जरा नीट पाहायला लागलो, तर निम्म्या वेळा तो राग नव्हताच. कधी अपमान होता, कधी चक्क भीती. आणि वाक्य जवळजवळ दर वेळी एकच: ‘माझं कोणी ऐकतच नाही.’ समोरचा माणूस बदलायचा, वाक्य तेच. अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाने 1955 च्या सुमारास याच धाग्यावर आपली उपचारपद्धती उभी केली: घटना थेट भावना घडवत नाही, मधे आपली समजूत असते. वाचताना पटलं होतं, पण स्वतःच्या अक्षरात तेच वाक्य पुन्हा पुन्हा दिसल्यावर लाज वाटली.

भावनेला नेमकं नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हालचाल मंदावते, असं 2007 च्या एका मेंदू-स्कॅनच्या अभ्यासात दिसलं होतं. माझी घंटा त्याआधीच, तोंडात वाजते. जीभ टाळूला घट्ट चिकटते. ती चिकटली की मी अबोल्याच्या उंबरठ्यावर आहे, हे आता मला कळतं. तुझी खूण वेगळी असेल. मला वाटतं, तू अंगठा मुठीत दाबतेस. बघ जरा.

जीभ चिकटली की मी आता म्हणतो, ‘मला आत्ता लागलंय, अर्ध्या तासाने बोलू.’ पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तुझी आई हसली. शब्द पाठ केल्यासारखे वाटले असणार, केलेलेच होते. पण अर्ध्या तासाने खरंच परत येऊन बोलावं लागतं, नाहीतर तोही अबोलाच.

एकवीस दिवसांत सवय बदलते म्हणतात, त्यावर जाऊ नकोस. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, काहींना 18, तर काहींच्या बाबतीत अंदाज थेट 254 दिवसांचा निघाला. आणि त्या सवयी कसल्या, तर जेवताना पाणी पिण्यासारख्या! शिवाय जुनं पुसलं जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह घंटा वाजवून कुत्र्यांना खायला द्यायचा, म्हणून नुसत्या घंटेनेही त्यांची लाळ गळायची. खाणं न देता घंटा वाजवत राहिल्यावर ती थांबली, पण मधे विश्रांती देऊन पुन्हा घंटा वाजवली की ती परत गळायची. मागच्या महिन्यात मीही अर्धा दिवस गप्प होतो. पूर्वी एकदा चार दिवस गेले होते. मी हे प्रगतीत धरतो, आईचं मत तिला विचार.

रविवारी मी तुझ्या दाराबाहेर बराच वेळ उभा होतो. फटीतून दिवा दिसत होता. ठोठवायला हात वर केला, पण जीभ टाळूलाच होती, आणि तुला सांगून अर्धा तासही मागितला नव्हता. बोललो ते चुकलं माझं. उद्या रात्री फोन करतो. उचलावासा वाटला नाही तर ‘आत्ता नको’ एवढंच कळव.

तुझा,
बाबा