वनमंत्र्यांना खुले पत्र: जंगलाचे फोटो आधी जंगलाकाठच्या गावांना दाखवा

मा. वनमंत्री, गोवा राज्य,
स. न. वि. वि.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन रानात जातो. म्हादई अभयारण्य दाराशीच आहे. हे पत्र लिहायला निमित्त झालं ते सहावीतल्या एका मुलाचं.

गेल्या पावसाळ्यात मी काढलेला तिबोटी खंड्याचा फोटो मोठा छापून वर्गात लावला. जांभळट पाठ, पिवळं पोट, लालभडक चोच. पक्षी चिमणीहूनही लहान. या मुलाचं घर अभयारण्याच्या हद्दीतच आहे. फोटोला नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन तो बघत राहिला आणि ओरडला, "सर, हो आमच्या व्हाळार आसता!" म्हणजे, हा आमच्या ओढ्यावर असतो. दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली, खास तो फोटो बघायला. इतकी वर्षं व्हाळावरून काहीतरी निळं झपकन जाताना दिसायचं, पण त्याचे पाय पोवळ्यासारखे तांबडे असतात हे आज कळलं, असं म्हणाली. तो दरडीत बीळ करून अंडी घालतो हे मी सांगितल्यावर तिने घरी जाऊन नातवंडांना त्या दरडीची माती काढायची बंद करायला लावलं. मी वर्गात पर्यावरणाचे धडे किती वर्षं शिकवतोय! त्यातल्या एकाही धड्याने हे केलं नव्हतं.

साहेब, गोव्याच्या रानांचे फोटो आज कमी नाहीत. तांबडी सुर्ल, मोले, चोर्ला, नेत्रावळी, खोतीगाव, सगळीकडे मोठ्या लेन्सा घेऊन माणसं येतात. ते फोटो मुंबई-बंगळुरूच्या मोबाईलवर पोचतात. ज्यांची गुरं त्या रानात चरतात, ज्यांच्या बागायतीत गवे शिरतात, त्यांच्यापर्यंत मात्र पोचत नाहीत.

जानेवारी २०२० आठवा. म्हादई अभयारण्यात गोळावली इथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. तपासात विषप्रयोग निघाला. २०१८ च्या व्याघ्रगणनेत अख्ख्या गोव्यात ३ वाघ नोंदले होते, आणि काही दिवसांत आपण ४ गमावले. त्या प्रकरणातला दोष न्यायालय ठरवेल. माझ्या मनात दुसरीच गोष्ट राहिली आहे: आमच्या मुलांनी स्वतःच्या रानातल्या वाघाचा पाहिलेला पहिला फोटो मेलेल्या वाघाचा होता. ज्या सत्तरीत वाघ्रो देव म्हणून वाघ पुजला जातो, तिथली ही मुलं.

जिवंत वाघाचे फोटो आपल्या खात्याकडे आहेत. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, रानात लावलेले असतात आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखला जातो, कारण एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. ते फोटो अहवालात जातात. जागा आणि तारीख झाकून ते ग्रामसभेत दाखवा, अशी माझी पहिली मागणी आहे. शिकाऱ्यांना सुगावा लागेल ही भीती मला मान्य आहे. म्हणूनच नेमकं ठिकाण सांगू नका. पण "आमच्या डोंगरावर एक वाघीण आहे आणि ती अशी दिसते" एवढं तरी गावाला कळू द्या. गाय मारली गेली तर भरपाई वेळेत मिळायलाच हवी, तिची जागा फोटो घेऊ शकत नाही. पण ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही, त्या जनावराबद्दल माणसाला माया कशी वाटावी?

फोटोंचा उपयोग होतो हे गोव्याने पाहिलं आहे. २०२० मध्ये रेल्वे दुपदरीकरणासारख्या प्रकल्पांपासून मोलेचं रान वाचवायला तरुण मुलं उभी राहिली तेव्हा फोटो आणि चित्रं घराघरांत पोचली. मोलेचं रान कधी न पाहिलेली माणसं त्यासाठी बोलू लागली. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. निकाल कायद्याच्या मुद्द्यांवर लागला, पण लोक जागे झाले त्यात त्या चित्रांचा वाटा मोठा.

आता आम्हा फोटो काढणाऱ्यांविरुद्धच एक गोष्ट सांगतो. त्याच खंड्याच्या बिळासमोर एका सकाळी आम्ही सात जण ट्रायपॉड लावून बसलो होतो. पक्षी चोचीत सापसुरळी धरून समोरच्या वेलीवर बसला, उडाला, परत आला, पुन्हा उडाला. पाऊण तास तो बिळात गेला नाही. आत पिल्लं होती. मला हे कळत होतं आणि तरीही मी उठलो नाही, अजून एक फोटो मिळेल म्हणून. त्या सकाळची लाज आजही वाटते. रात्री चापड्याला, म्हणजे झाडावर राहणाऱ्या विषारी सापाला, काठीने उचलून शेवाळलेल्या फांदीवर मांडणारे, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणारेही मी पाहिले आहेत.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात फोटो काढायला परवानगी लागते. त्या परवानगीतच लिहा: घरट्यापाशी बसायचं नाही, आवाज वाजवायचा नाही, प्राण्याला हात लावायचा नाही. आणि हे बघायला गावातलेच तरुण गाईड नेमा, ज्यांना "आता उठा" म्हणायचा अधिकार असेल. आमच्या धनगर-गवळी वाड्यांवरच्या मुलांना बेडूकमुख पक्षी दिवसा कुठल्या फांदीवर झोपतो ते ठाऊक असतं. कॅमेरा शुल्कातला काही वाटा रानाकाठच्या शाळांना द्या. दोन शाळांत मिळून एक साधा कॅमेरा आला तरी चालेल.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक भिंत मोकळी ठेवली आहे. मुलांनी ती स्वतः पांढरी रंगवली. तिथे पहिला फोटो म्हादईच्या जिवंत वाघाचा लावायचा आहे, आणि तो आपल्या खात्याकडूनच येऊ शकतो. तालुक्याच्या गावाहून, वाळपईहून, कोणी घेऊन येणार असेल तर मुलं वाट बघत थांबतील.

आपला नम्र,
सत्तरीतला एक शिक्षक