सूचना : ऑप्टिकल फायबर प्रशिक्षणाबाबत

सर्व तंत्रज्ञ सदस्यांना कळविण्यात येते की, भारतनेटच्या (ग्रामपंचायतींना ब्रॉडबँड पुरविणारा सरकारी प्रकल्प) ग्रामपंचायत जोडण्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्कचे दोन दिवसांचे प्रशिक्षण येत्या सोमवारी परभणी येथे सुरू होत असून, पॉवर मीटर (फायबरमधील प्रकाशाची शक्ती मोजणारे उपकरण) असणाऱ्यांनी तो सोबत आणावा. या जाळ्यात ओएलटीपासून (केंद्रातील मुख्य उपकरणापासून) ग्राहकापर्यंत वाटेत विजेवर चालणारे उपकरण नसते आणि प्रकाश 32 वाटांत विभागणाऱ्या 1:32 स्प्लिटरमध्येच त्याच्या शक्तीत सुमारे 17 डेसिबलची घट होते. म्हणून प्रत्येक स्प्लाइसची (फायबरच्या सांध्याची) घट 0.1 डेसिबलच्या आत राखणे हेच खरे कौशल्य आहे. या फायबरमधील 1490 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तरी इजा करू शकतो. त्यामुळे चालू फायबरच्या टोकात कोणीही डोकावू नये. काळ्या रानात तुटलेली केबल ओटीडीआरने (फायबर कुठे तुटली ते अंतरासह दाखविणाऱ्या उपकरणाने) शोधण्याचा सराव मंगळवारी होईल, तो कृपया चुकवू नये.