गाजरगवत कापू नका, वेळेत उपटा

महोदय,
दर पावसाळ्यात नागपुरातल्या बेसा, हुडकेश्वर, मनीषनगर भागातल्या लेआउटमधील खाली प्लॉट गाजरगवताने भरतात. नागरिकांनी ओरड केली की ऑगस्टअखेर यंत्राने कटाई होते. तोवर फार उशीर झालेला असतो. जूनच्या पावसात उगवलेले गाजरगवत चार ते सहा आठवड्यांत फुलते आणि एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरतात. अशा झाडावर यंत्र फिरवणे म्हणजे स्वखर्चाने पेरणी करणे. कोवळ्या रोपांची पाने जमिनीला चिकटून गोल पसरलेली असतात, त्यांच्यावरून पाते नुसते निघून जाते. कापलेले झाडही बुडातून फुटते आणि वीतभर उंचीवरच पुन्हा फुलते.

उपटण्याची खरी वेळ जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा. माती ओली असताना सोटमूळ अख्खे निघते. काळी माती वाळली की झाड बुडाशी तुटते. नवी रोपे प्रत्येक सरीबरोबर येतात, म्हणून तीन आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच. या झाडाच्या स्पर्शाने त्वचेला पुरळ उठते, परागकणांनी दमा बळावतो. सफाई कामगारांना रबरी हातमोजे आणि मास्क न देता हे काम सांगणे अन्यायाचे आहे.

फुलोऱ्याआधी उपटलेल्या झाडांचे खत होते. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट खोल खड्ड्यात गवत, शेणकाला, माती असे थर द्यावेत. चार-पाच महिने लागतात. फुललेली झाडे त्यात टाकू नयेत, बी खतातून शेतात जाते. भिंतीकडेच्या फटींत ५ लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवून फवारावे, पण बागेच्या मातीवर नको.

पानांची चाळणी झालेली दिसली तर तिथे हात लावू नये. दुधाळ पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला मेक्सिकन भुंगा तिथे काम करतो आहे. भारतात तो १९८३ साली मुद्दाम आणला गेला. तिथले ५०० ते १००० भुंगे दुसऱ्या प्लॉटवर सोडता येतात, मात्र पावसाळ्यातच. हिवाळ्यात ते मातीत दडतात.

उपटून मोकळी सोडलेली जागा पुन्हा गाजरगवतच बळकावते. ती जागा अडवायला तिथे आपला तरोटा (टाकळा) हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच्या शेंगा रस्त्याकडेला फुकट मिळतात. प्रभागनिहाय बी गोळा करून एप्रिल-मेमध्ये या प्लॉटवर फेकण्याचे नियोजन महापालिकेने यंदाच करावे.

– एक वनस्पती अभ्यासक, नागपूर